इंडिकेटर टाकला की नाचणारा काटा

नाना,

तेरावं झालं. पाहुणे गेले, विलासही काल सुरतला परत गेला. जाताना म्हणाला, "गाडी काढून टाकू. आता कोणाला न्यायचंय धुळ्याला?" मी त्याचा डबा भरत राहिले. तुमच्या मुलाला उत्तर द्यायला मला जरा वेळ लागतो. तुम्हाला द्यायला कधी लागला नाही.

ओट्यावर काचकागदाचा नवा तुकडा आणि पान्हा काढून ठेवलाय. गाडी लिंबाखाली उभी आहे, तुम्ही लावायला सांगायचात तशी, तोंड रस्त्याकडे करून. माझ्या सासूबाईंनी, अक्कांनी, बॅटरीशेजारी काढलेल्या त्या स्वस्तिकाबद्दल तुम्ही म्हणाला होतात, मी गेल्यावर खरवड. आता गेलात. परवानगी हातात आहे आणि माझ्याने बॉनेट उघडवत नाही.

उघडावं तर लागेल. शुक्रवारी या गाडीतून तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या रशीदभाईंना डायलिसिसच्या मशीनवर न्यायचा शब्द मी देऊन बसले आहे, आणि गाडीतला दोष अजून जिथल्या तिथे आहे. तुमच्या वेळी निदान तुम्ही शेजारी असायचात. म्हणून हात लावण्याआधी बोलून घेते. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्धं भांडण ठेवून कामाला लागणं मला जमत नाही.

मंगळवार आणि शुक्रवार. वर्षभर आपल्या घराचे वार हे दोनच होते. डायलिसिसची सकाळची पाळी. उशीर झाला की मशीन पुढच्या माणसाला, आणि आपल्याला उरेल तेवढा वेळ. तो कमी पडला की दोन दिवसांत पाय सुजायचे, तुम्ही भिंतीला टेकून बसूनच झोपायचात आणि मी शेजारच्या खोलीतून तुमचा श्वास ऐकत राहायचे. म्हणजे गाडी वेळेवर पोचणं हा आपल्याकडे सोयीचा प्रश्न नव्हता. तुम्हाला हे माझ्याइतकंच माहीत होतं. म्हणून तर मला राग आहे.

धुळ्यात खोली घेऊ म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "तठे माले कोन वळखस?" बसने जाऊ म्हटलं तर, "माले बसमा उलटी व्हस." भाड्याची गाडी ठरवते म्हटलं तर, "दुसरानी गाडीमा उलटी करानी का? आपली गाडी आपली शे."

मशीनवरून उतरल्यावर तुम्हाला उलटी व्हायची हे खरं होतं. आणि ज्या माणसाने उभा जन्म लोकांच्या वराती याच गाडीतून नेल्या, सीटवर डाग पडला तर नवऱ्यामुलालाही खाली उतरवलं, त्याला परक्या सीटची लाज वाटणार हेही खरं होतं.

तुमचे पाय क्लच दाबण्याजोगे राहिले नाहीत तेव्हा तुम्हीच मला गावाबाहेरच्या पडीक वावरात नेऊन गाडी शिकवलीत. गल्लीतल्या बायकांना महिनाभराचा विषय मिळाला. "आजपावतर सासरा सूनले आने, आते सून सासराले ली जास!" तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना राम राम करत होतात. आणि मला म्हणालात, "दख मास्तरीन, स्टिअरिंग तुनं, बॉनेट मनं. बॉनेटले हात लावानं काम नही."

मी कबूल केलं. पारोळ्याच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारी बाई, माहेर-सासर दोन्ही घरांत कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढलेली. पण नवरा सुरतला, घरात तुम्ही आणि मी, कुठे कुठे भांडायचं? तेव्हा मला काय माहीत, सगळं त्या बॉनेटखालीच आहे.

पहिल्यांदा ती मुकटी गावाच्या अलीकडे बंद पडली. बंद पडली म्हणजे सावकाश नाही. चालता चालता समोरचे सगळे दिवे गेले, काटे खाली पडले, इंजिनाचा आवाज गेला आणि उरला फक्त टायरचा. मागे ट्रक. हॉर्न दाबला तर मांजराच्या पिल्लासारखा आवाज. तुम्ही शेजारून म्हणालात, "डावीकडे ले. ब्रेक मारू नको, तिले चालू दे." चालण्याच्या जोरावर गाडी कडेला आली. ट्रक इतक्या जवळून गेला की आरसा थरथरला.

तुम्ही उतरलात. दाराला, मग बॉनेटला धरत पुढे गेलात. "थांब, मी दखस." बॉनेट वर झालं आणि तुम्ही त्याच्यामागे दिसेनासे झालात. थोड्या वेळाने बॉनेट खाली आलं. तुम्ही उजवा हात कपाळाला लावून, खिडकीशी येऊन, चावी फिरवायची खूण करत म्हणालात, "आते सेल मार."

सुरू झाली. जणू मधे काही झालंच नव्हतं.

त्यानंतर ती कधी पुलावर बंद पडली, कधी फागण्याच्या चौकात, कधी दोन-तीन आठवडे शहाण्यासारखी वागून आपल्या फाट्यावरच. खड्ड्यातून गेल्यावर पडायची, गुळगुळीत रस्त्यावरही पडायची. प्रत्येक वेळी तुम्ही उतरायचात, बॉनेटमागे जायचात, कपाळाला हात लावायचात. मला वाटायचं, अक्कांची आठवण काढता. इंजिन जरा थंड होतं आणि आपोआप लागतं.

पारोळ्याच्या इलेक्ट्रिशियनने बॅटरी बदलायला लावली. धुळ्याच्याने अल्टरनेटर. तिसऱ्याने सगळं वायरिंग उपसून नवं टाकू म्हटलं, तेव्हा तुम्ही लगेच मान हलवलीत. "बठ्ठं बदली टाक, झगडा मिटी जाई."

"नाना, काय बिघडलंय ते कळल्याशिवाय बदलायचं म्हणजे ताप कशाने आला ते न बघता माणूस बदलण्यासारखं आहे."

"मंग तू दख ना. पोरेस्ले काय शिकाडस? खडूवरी फळावर गाडी चालाडस का?"

असं आपलं चालायचं. मी तुमच्याशी शाळेची भाषा सोडायचे नाही, तुम्ही अहिराणी सोडायचा नाहीत. आपण एकमेकांना पक्कं समजत होतो, फक्त मान्य करत नव्हतो.

मग तो काटा. सकाळची वेळ, कापसाच्या बोंद्र्या-गोण्यांनी उंच भरलेला ट्रॅक्टर पुढे. ओलांडायला म्हणून मी उजवा इंडिकेटर टाकला आणि पेट्रोलचा काटा उडी मारायला लागला. टिक, वर. टिक, खाली. इंडिकेटरच्या तालावर.

"काटा नाची ऱ्हायना," तुम्ही म्हणालात. "पेट्रोल भरं म्हनीसन त्याले आनंद व्हयना."

मी हसले नाही. मी ट्रॅक्टर ओलांडायचाच विसरले. इंडिकेटरचा आणि पेट्रोलच्या काट्याचा एकमेकांशी काही संबंध नाही, नाना. दोघांना वीज वेगवेगळ्या तारांतून येते. संबंध एकच. आलेली वीज परत जायची वाट दोघांची एक आहे: गाडीचं लोखंड, आणि त्या लोखंडापासून बॅटरीपर्यंतची काळी अर्थ वायर. ती वाट मोकळी असेल तर कोणाला कोणाचा पत्ता लागत नाही. ती चोंदली की एकाची वीज दुसऱ्याच्या दारातून वाट काढते.

हे मी तुम्हाला तिथेच, स्टिअरिंगवर हात आपटत सांगितलं. तुम्ही बाहेरच्या वावराकडे बोट केलंत. मग म्हणालात, "पाटचारी बुजनी म्हंजे पानी शेजारना वावरमाईन जास. तसं."

"अगदी तसंच!"

मला केवढा आनंद झाला होता. महिनोन् महिने आपण दोघं वेगवेगळ्या बाजूंनी ओरडत होतो आणि पहिल्यांदा एकाच जागी येऊन उभे राहिलो. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने ते इतक्या कमी शब्दांत सांगितलं नसतं. तुम्ही मात्र सीटला डोकं टेकून डोळे मिटलेत. मला वाटलं, थकलात.

त्या शुक्रवारी मी प्रयोगशाळेतला मल्टिमीटर मागून आणला. तुम्हाला वर मशीनला जोडलं, नर्सने हातात सुया लावल्या आणि मी खाली दवाखान्याच्या आवारात येऊन बॉनेट उघडलं. करार मोडला, हो. तुमच्या नाकावर टिच्चून मोडला असता, पण तुम्ही वर होतात.

धुळ्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. बॉनेटची कड हाताला चटका देत होती. हेडलाइट लावून ठेवले. मीटरची एक सुई बॅटरीच्या काळ्या टोकावर, दुसरी गाडीच्या पत्र्यावर. तिथे आकडा शून्याच्या आसपास हवा. नव्हता. आकडा चढत होता, उतरत होता, गाडीला कोणी धक्का देऊन गेलं तरी बदलत होता. मी काळ्या वायरच्या मागे मागे गेले. तिचे दोन फाटे: एक गिअरबॉक्सला, एक बॅटरीशेजारच्या पत्र्यावर, बोल्टने कसलेला. गिअरबॉक्सकडचा स्वच्छ. पत्र्यावरचा बोल्ट घट्ट होता. तिन्ही इलेक्ट्रिशियननी त्याला हात लावून "टाईट आहे" म्हटलं होतं, आणि तो टाईट होताच.

पण तो स्वस्तिकाच्या उजव्या हातावर होता. आणि स्वस्तिक चमकत होतं.

अक्का दर दसऱ्याला बॉनेट उघडून आत शेंदूर-तेलाचं स्वस्तिक काढायच्या. वरच्या रंगावर नाही. गाडी ओढतं इंजिन, मग पूजा इंजिनची, असं त्यांचं म्हणणं. दर वर्षी जुनं पुसून नवं. हे शेवटचं पुसायला त्या राहिल्या नाहीत. मी जवळ जाऊन बघितलं तेव्हा त्याच्यावर पारदर्शक वॉर्निशचा थर दिसला. बोल्टच्या बाजूने तो थर वायरच्या चकतीखाली गेलेला. चकती आणि लोखंड यांच्यामध्ये वॉर्निश, आणि वॉर्निशच्या कडेला गंजाची काळी रेघ.

मी एक जाड वायर घेतली, बॅटरीच्या काळ्या टोकापासून दुसऱ्याच एका बोल्टला चिमट्याने लावली. आकडा शून्यावर येऊन गप्प बसला. इंडिकेटर टाकला. काटा हलला नाही.

मी जिन्यावरून पळत वर आले होते, आठवतं? तुमच्या शेजारच्या खाटेवर रशीदभाई होते, पारोळ्याचे टेलर. तुमच्याच पाळीचे, यष्टीने यायचे. मला बघून ते म्हणाले, "क्या हुआ बाई, लॉटरी लगी क्या?"

"सापडलं," मी म्हटलं. "नाना, सापडलं. अक्कांच्या स्वस्तिकापाशी. तिथे वॉर्निश कोणी मारलं?"

तुमचा चेहरा बदललाच नाही. मी सगळी वाक्यं तयार करून आले होते आणि ती सगळी तिथेच थांबली. ज्याला नवी गोष्ट कळते त्याचा चेहरा असा नसतो.

"मी मारं," तुम्ही म्हणालात. "ब्रश नीट फिरना पाहिजे म्हनीसन बोल्ट खोला. वाळनं तवय परत घट्ट कसा."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"अंदाज व्हता."

"कधीपासून?"

तुम्ही मशीनकडे बघितलंत. त्या नळीतून तुमचंच रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं. रशीदभाईंनी तोंड भिंतीकडे केलं. मग माझ्या लक्षात आलं. कपाळाला लावायचात तो हात. बॉनेटमागे तुम्ही प्रार्थना करत नव्हतात; अंगठ्याने ती चकती दाबून जागेवर बसवत होतात. आणि मग कपाळाला हात लावत होतात, ती कदाचित प्रार्थना असेल. मला अजून नक्की सांगता येत नाही.

"तेवढी जागा खरवडायची," मी म्हटलं. "बोल्टखाली, चकतीएवढीच. लोखंड उघडं करायचं, घट्ट कसायचं, वर व्हॅसलिन लावायचं म्हणजे गंज धरत नाही. बाकीचं स्वस्तिक राहील."

"हात लावू नको."

"नाना—"

"तुनी सासूनं शेवटनं शे ते. दुसरी वायर लावी ना तू आते? ती राहू दे. भागी जाई."

भागेल! मला त्या शब्दाचा संताप येतो. चिमट्याने लावलेली वायर ही तपासायला असते, माणसाला दवाखान्यात न्यायला नाही. चांगला बोल्ट मारून पक्की बसवते म्हटलं तर तुम्ही पत्र्याला नवं छिद्र पाडू देईनात, आणि असलेल्या दुसऱ्या बोल्टचे आटे झिजलेले. शेवटी रशीदभाईच म्हणाले, "अहो बाई, मशीनवरच्या माणसाशी भांडू नये. बीपी चढतं. मग नर्स आपल्याला दोघांना ओरडते." तेव्हा मी खाली उतरले. चिमट्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली आणि तशीच गाडी काढली.

ती वायर टिकली. काही आठवडे इतकी टिकली की मला स्वतःचीच शंका यायला लागली. आणि मग तो मंगळवार.

परतीची वेळ, तुम्ही मशीनवरून उतरलेले, खांदा दाराला टेकलेला. आपण फागणं सोडलं, पुढे रस्त्याचं काम चालू म्हणून दोन्ही बाजूंची वाहनं एकाच पट्टीवर. डावीकडे खोदलेली चारी. कडेला घ्यायला जागाच नाही. आणि तिथे समोरचे दिवे गेले.

मी आधी आरशात बघितलं. मागे लोखंडी सळया भरलेला ट्रक. हॉर्न नाही, दिवे नाहीत, मागच्याला काही सांगायची सोय नाही. खिडकीतून हात काढून हलवत राहिले. ट्रक थांबला, पण त्याची नंबरप्लेट आरशात मावेना इतका जवळ थांबला. समोरून एक बस पट्टीत शिरली होती. सगळे हॉर्न मारत होते. ट्रकचा किन्नर, ड्रायव्हरच्या हाताखालचा पोरगा, उतरून ओरडला, "ओ ताई, गाडी आहे का बैलगाडी? ओढू का?"

मी दार उघडेपर्यंत तुम्ही उतरला होतात. ज्या माणसाला दवाखान्याच्या तीन पायऱ्या दोघांनी धरून उतरवाव्या लागल्या, तो माणूस. बॉनेट वर झालं. मी मागोमाग आले तर तुम्ही अंगठा त्या चकतीवर रोवून उभे होतात. ट्यूबची पट्टी फाटून चिमटा खाली लोंबत होता.

"सेल मार," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही बाजूला व्हा, मी दाबते."

"स्टिअरिंग तुनं. जाय, सेल मार."

मी गेले. गाडी सुरू झाली. बॉनेटच्या फटीतून मला फक्त तुमचं धोतर आणि एक कोपर दिसत होतं, अंगठ्यापासून वीतभर अंतरावर इंजिनाचा फिरणारा पट्टा, आणि तुमचा तोल जात होता. मी पुन्हा खाली उतरले, चिमटा बसवला, पुढून तुमच्या दंडाला धरलं. आणि तिथे, भर रस्त्यात, तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मी मरनू का मंग खरडजो. तोपावतर नको."

तेव्हा माझी शाळेची भाषा गेली. कुठे गेली कोण जाणे. मी त्या किन्नरासमोर, बसमधल्या लोकांसमोर ओरडले,

"तुम्ही मरी जावाले नको म्हनीसनच खरडनं शे ना!"

तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंत. किन्नर ट्रककडे परत गेला. मग तुम्ही गाडीत येऊन बसलात. मी चालवत राहिले. ओट्यावर चढताना फक्त म्हणालात, "अहिराणी चांगली बोलस तू."

ते कौतुक होतं की टोमणा, हे विचारायचं राहिलं.

आपलं त्या विषयावरचं ते शेवटचं बोलणं. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही. मी चिमट्यावर नवी पट्टी आवळली होती, म्हणून समजले की तीच धरून आहे, आणि प्रत्येक खड्डा चुकवत चालवत राहिले. बॉनेट पुन्हा उघडलं नाही. पाणी, ऑईल तुम्ही बघत होतात. त्या रस्त्यावरच्या आरड्याओरड्यानंतर मला करार मोडायचं धैर्य नव्हतं. माझ्यासारखीला हे लिहायला जड जातंय, पण मी तुमच्या "मरनू का मंग" ला घाबरले होते. पुन्हा विषय काढला आणि तुम्ही पुन्हा तेच बोललात तर?

तुम्ही गेलात ते गाडीमुळे नाही. लोक विचारतात म्हणून सांगते, आणि स्वतःलाही सांगते. बुधवार होता, आदल्या दिवशी पाळी पूर्ण झाली होती, वेळेवर पोचलो होतो. सकाळी हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, अशा रुग्णांत होतं. माझं डोकं हे वाक्य मानतं. बाकीची मी मात्र मंगळवार उजाडला की चावी शोधते.

रशीदभाई चौथ्या दिवशी बसायला आले होते. यष्टीतून उतरून चालत. चप्पल सुजलेल्या पायात मावत नव्हती. उठताना मी म्हटलं, तेरावं झालं की शुक्रवारपासून मी नेईन तुम्हाला. कॉलेजच्या वेळा मंगळवार-शुक्रवारच्या मी तुमच्यासाठी आधीच बदलून घेतल्या होत्या, त्या तशाच आहेत. ते म्हणाले, "ती गाडी?" मी म्हटलं, "तीच. पण दोष काढून."

इथपर्यंत लिहिलं आणि उठले, नाना. आता पुढचं लिहिते ते उघडून आल्यावर.

काचकागद घेतला, पान्हा घेतला. बॉनेट उघडलं. आधी वाटलं, सावली पडलीय. मग जवळ गेले.

बोल्टभोवती चकतीएवढं लोखंड उघडं होतं. गोल, स्वच्छ, पांढरं. वर व्हॅसलिनचा थर, त्यात तुमच्या बोटाची रेघ. स्वस्तिकाचा उजवा हात टोकापाशी तेवढाच कापलेला, बाकी शेंदूर जसाच्या तसा. माझी चिमट्याची वायर नव्हती. ती मला नंतर सापडली, डॅशबोर्डच्या कप्प्यात, नीट गुंडाळून सुतळीने बांधलेली. म्हणजे मी खड्डे चुकवत चालवत होते ते सगळे दिवस गाडी तुमच्या खरवडलेल्या लोखंडावर चालत होती.

आता कळलं, तुमच्या टाचांना लावायच्या व्हॅसलिनच्या डबीच्या झाकणावर काळ्या अंगठ्याचा ठसा का होता. त्यावरून मी तुम्हाला बोलले होते. "स्वच्छ हातांनी घ्यावं नाना, ती औषधाची डबी आहे." तुम्ही म्हणालात, "हाव, मास्तरीन." एवढंच. एवढी सरळ मान तुम्ही कधी डोलावली नव्हती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मी रशीदभाईंना फोन केला. शुक्रवारी किती वाजता निघायचं ते सांगायला, असं म्हणून केला. मग विचारलंच.

"हां, मालूम है," ते म्हणाले. "त्या रस्त्यावरच्या लफड्यानंतर, पुढच्याच शुक्रवारी. तुम्ही औषधांच्या दुकानात गेल्या होत्या. आमचा नंबर लागायचा होता. मला म्हणे, चल खाली. काचकागद माझ्याच दुकानातून मागवला होता त्यांनी, शिलाई मशीनचा गंज काढायचा असतो ना आमच्याकडे. बॉनेट उघडलं. हात जोडले. मग मला म्हणे, रशीद, तू तिकडे बघ."

"मग?"

"मग मी तिकडे बघितलं, बाई. भिंतीकडे. पुढचं मला काय ठाऊक? आवाज येत होता घासल्याचा. मधे थांबायचा. एकदा बराच वेळ थांबला, मी म्हटलं, नाना, करू का मी? तर म्हणे, ना. झाल्यावर म्हणे, मास्तरीनले सांगू नको. तिला सांगितलं तर ती म्हणेल, बघा, मी सांगत होते."

म्हणाले असते, नाना. नक्की म्हणाले असते. एकदा नाही, दर मंगळवारी आणि शुक्रवारी म्हणाले असते, येता-जाता, तुम्ही खिडकीबाहेर बघेपर्यंत. त्या सुखाला तुम्ही मला मुकवलंत. मी जिंकलेलं भांडण मला न कळवता तुम्ही निघून गेलात, याला काय म्हणायचं?

खरं सांगायचं तर मला जिंकायचं नव्हतं. भांडायला तुम्ही आणखी हवे होतात.

विलासला आत्ता कळवलं, गाडी विकायची नाही. तो म्हणाला, "दोष आहे ना तिच्यात?" मी म्हटलं, "तुझ्या बापाने काढला." त्याने विचारलं, "कधी?" मी म्हटलं, "सांगितलं नाही त्यांनी."

काचकागद कोराच राहिला. तो मी कप्प्यात, त्या गुंडाळलेल्या वायरशेजारी ठेवला. मग गाडीत बसून चावी फिरवली. पहिल्या सेल्फला लागली. तुमच्या सीटकडे न बघता उजवा इंडिकेटर टाकला आणि बघत बसले. टिक, टिक, टिक.

काटा हलला नाही, नाना. जागचा हलला नाही.